मॉन्युमेंट सर्कलचा एक फेरा

शाळेचे नाव आधी थॉमस जेफरसन हायस्कूल असे ठरले होते. इंडियानापोलिसच्या स्कूल बोर्डाने शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांना एका वेगळ्या हायस्कुलात घालायचे ठरवले आणि त्या इमारतीसाठी अमेरिकेच्या तिसऱ्या राष्ट्राध्यक्षाचे नाव निवडले. जेफरसनने स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला खरा, पण त्याच्या मळ्यांवर जन्मभर शेकडो गुलाम राबले. ज्यांची मुले त्या शाळेत जाणार होती त्यांना हे नाव पटणे शक्यच नव्हते. त्यांनी बोर्डाकडे अर्ज केले, विरोध नोंदवला आणि नाव बदलून घेतले. नवे नाव क्रिस्पस ॲटक्स याचे. ५ मार्च १७७० रोजी बोस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, तेव्हा पहिला पडला तो हा खलाशी. त्याच्या अंगात आफ्रिकी आणि मूळनिवासी अमेरिकी असे दोन्ही रक्त होते. मुलांसाठी वेगळी शाळा निघणे पालकांना थांबवता आले नाही. दारावरची पाटी मात्र त्यांनी आपल्या माणसाच्या नावाची लावून घेतली.

मराठी वाचकाला इथे जोतीराव फुले आठवल्यावाचून राहणार नाहीत. १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापताना जोतीरावांनी ते पुस्तक अर्पण केले होते ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. इंडियाना हे अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामीविरुद्धच्या बाजूने लढलेले राज्य. त्याच राज्याच्या राजधानीत, युद्ध संपून साठ वर्षे उलटल्यावर, काळ्या मुलांना गोऱ्या मुलांपासून बाजूला काढणारी शाळा उभी राहत होती.

आधी असे नव्हते. शॉर्टरिज, मॅन्युअल, आर्सेनल टेक्निकल या हायस्कुलांत थोडी का होईना, कृष्णवर्णीय मुले शिकत होती. दक्षिणेकडून कामधंद्यासाठी कुटुंबे येऊ लागली, त्यांची संख्या वाढली आणि गोऱ्या नागरिकांच्या संघटनांनी वेगळ्या शाळेची मागणी लावून धरली. १९२२ साली बोर्डाने तसा निर्णय घेतला. पुढची दोन-तीन वर्षे इंडियानात कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेच्या भरतीची होती. १९२४ साली क्लॅनच्या पाठिंब्याचा गव्हर्नर निवडून आला आणि १९२५ साली क्लॅनच्या पसंतीचे लोक शहराच्या स्कूल बोर्डावर बसले. शाळेचे बांधकाम त्यांच्या कारकिर्दीत पुरे झाले. १२ सप्टेंबर १९२७ रोजी दारे उघडली. इमारत सुमारे हजार मुलांच्या हिशेबाने बांधलेली होती. दाखल झाली तेराशेहून अधिक.

शाळा काढणाऱ्यांचा हिशेब चुकला तो शिक्षकांच्या बाबतीत. पहिले मुख्याध्यापक मथायस नोलकॉक्स यांनी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांतून निवडून माणसे आणली. १९३० साली रसेल लेन मुख्याध्यापक झाले आणि १९५७ पर्यंत, म्हणजे तब्बल सत्तावीस वर्षे, त्यांनी ही शाळा चालवली. विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीय प्राध्यापकांना बंद होती. त्यामुळे एरवी कॉलेजात शिकवली असती अशी एम.ए., पीएच.डी. झालेली माणसे ॲटक्सच्या वर्गांत खडू हातात घेऊन उभी राहिली. लेन स्वतः कायद्याचे पदवीधर आणि डॉक्टरेट. शाळेपासून जवळच इंडियाना ॲव्हेन्यू, जाझच्या क्लबांनी रात्रभर जागा राहणारा रस्ता. त्या वस्तीची मुले ॲटक्सच्या संगीतवर्गात शिकली आणि ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सन, संगीतकार डेव्हिड बेकर यांच्यासारखे कलावंत होऊन बाहेर पडली. या शाळेचा इतिहास बास्केटबॉलपासून सुरू होत नाही, हे आधी नोंदवून ठेवायला हवे.

आता बास्केटबॉल. जेम्स नेस्मिथने हा खेळ शोधला तो १८९१ च्या डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला. पण त्याला खरे घर मिळाले इंडियानात. शेतकऱ्यांची छोटी गावे, लांबलचक हिवाळा, फुटबॉलचा संघ उभा करण्याइतकी मुले नाहीत, आणि पाच जणांत भागणारा खेळ. कोल्हापूरला कुस्तीचे मैदान म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला इंडियानातला मार्च महिना समजावून सांगावा लागणार नाही. १९११ पासून राज्याची हायस्कूल स्पर्धा सुरू झाली. गाव शंभर घरांचे असो की शहर लाखाचे, सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत, हरला की घरी. पन्नाशीच्या दशकात सातशेहून अधिक शाळा तीत उतरत. अंतिम सामने बटलर फील्डहाउसमध्ये होत. १९२८ साली उघडलेल्या त्या वास्तूत पंधरा हजार माणसे बसत.

या सगळ्यांत ॲटक्स नव्हते.

राज्याच्या हायस्कूल क्रीडा संघटनेने शाळेला सभासदत्वच दिले नाही. कारण असे दिले की ॲटक्समध्ये फक्त कृष्णवर्णीय मुले शिकतात, तेव्हा ती सर्वांना खुली असलेली सार्वजनिक शाळा नव्हे. ज्यांनी मुलांना कुंपण घातले त्यांच्याच व्यवस्थेने मग त्या कुंपणावर बोट ठेवले. कॅथलिक शाळांनाही तीच बंदी होती. त्यामुळे पंधरा वर्षे ॲटक्सचा संघ मिळेल तिथे खेळला. गॅरी, एव्हान्सव्हिल इथल्या कृष्णवर्णीयांच्या शाळा आणि राज्याबाहेरच्या तशाच शाळा हे त्यांचे प्रतिस्पर्धी. तासन्‌तास प्रवास करायचा, वाटेत कुठल्या हॉटेलात जेवायला मिळेल याची खात्री नाही, सामना खेळून रात्री परतायचे. बंदी उठली ती १९४२ साली. १९४३ साली ॲटक्स पहिल्यांदा राज्यस्पर्धेत उतरले.

दार उघडले तरी घरचे कोर्ट नव्हते. शाळेची जिम इतकी लहान की मोठा सामना तिथे भरवताच येत नसे. म्हणून ॲटक्सचे ‘घरचे’ सामनेही दुसऱ्याच्या घरी होत. त्यात लेन यांची शिस्त कडक. गोऱ्या संघाशी खेळताना धक्काबुक्की झाली, एखादा मुलगा पंचांशी हुज्जत घालताना दिसला, तर साऱ्या वस्तीला त्याचे परिणाम भोगावे लागतील, ही त्यांची धास्ती खोटी नव्हती. मुले सभ्यपणे खेळत आणि पुष्कळदा सभ्यपणे हरत.

ही रीत बदलली रे क्रो यांनी. १९१५ साली जन्मलेले क्रो इंडियानातल्या व्हाइटलँडजवळ शेतावर वाढले. गोऱ्या मुलांच्या शाळेत, गोऱ्या मुलांच्या संघात खेळत मोठे झाले. त्यांचे धाकटे भाऊ जॉर्ज हे १९३९ साली सुरू झालेल्या ‘मिस्टर बास्केटबॉल’ या राज्यातल्या सर्वोच्च किताबाचे पहिले मानकरी. क्रो यांनी आधी शहरातल्या १७ क्रमांकाच्या शाळेत शिकवले. १९४८ साली ते ॲटक्समध्ये आले आणि १९५० साली मुख्य प्रशिक्षक झाले. वर्गात ते गणित शिकवत आणि कोर्टवरचे त्यांचे गणितही सरळ होते. पंच आपल्या बाजूचे नसणार हे धरूनच चालायचे. सुरुवातीचे दहा गुण पंचांच्या खात्यात गेले समजा, पुढचा सामना आपला, अशी शिकवण त्यांचे विद्यार्थी पुढे आयुष्यभर सांगत राहिले. सभ्यता त्यांनी सोडू दिली नाही. पण मुलांच्या पायातली बेडी काढली: पळा, उंच उडा, चेंडू वेगाने पुढे न्या.

क्रो मुलांच्या घरी जात. कोणाच्या घरी कोळसा नाही, कोणाची आई रात्रपाळीला आहे, कोणाला बूट नाहीत, हे त्यांना माहीत असे. ॲटक्सच्या यशाची कारणे शोधताना लोक खेळाडूंच्या उंचीकडे बोट दाखवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या घरभेटी उंचीइतक्याच मोलाच्या होत्या.

पहिल्याच हंगामात, १९५१ साली, त्यांचा संघ राज्याच्या शेवटच्या चारांत पोहोचला. वाटेत अँडरसनविरुद्धचा सामना ८१–८० असा शेवटच्या क्षणी जिंकला. तो निर्णायक फटका मारणाऱ्या मुलाचे नाव बेली रॉबर्टसन. उपान्त्य सामन्यात एव्हान्सव्हिलच्या राइट्‌झ हायस्कूलने त्यांना हरवले. पण तोवर इंडियाना ॲव्हेन्यूवरच्या घराघरांत रेडिओ लागू लागले होते. १९५३ साली हॅली ब्रायंट या ॲटक्सच्या खेळाडूला ‘मिस्टर बास्केटबॉल’ किताब मिळाला. आणि बेलीचा धाकटा भाऊ तयार होत होता.

ऑस्कर रॉबर्टसनचा जन्म २४ नोव्हेंबर १९३८ चा, टेनेसीतल्या शार्लट गावचा. तो लहान असतानाच कुटुंब इंडियानापोलिसला आले. घरची गरिबी अशी की चेंडू घ्यायला पैसे नाहीत. तेव्हा टेनिसचे चेंडू, नाहीतर रबरबँडने करकचून बांधलेल्या चिंध्या, घरामागे टांगलेल्या पीचच्या टोपलीत टाकायचा, हा त्याचा पहिला सराव. जरा मोठा झाल्यावर लॉकफील्ड गार्डन्स या सरकारी वसाहतीजवळच्या उघड्या कोर्टवर जाऊ लागला. पोरे पळू लागली की तिथे एवढी धूळ उडे की कोर्टचे नावच ‘डस्ट बोल’ पडले. तिथे नियम एकच होता: जिंकला तो थांबेल, हरला तो बाहेर. बाहेर गेल्यावर पुन्हा पाळी कधी येईल याचा नेम नाही. उगाच फटका वाया घालवायचा नाही, चेंडू हातातून सुटू द्यायचा नाही, ही ऑस्करची पुढे जगभर नावाजलेली काटकसर त्या धुळीतली आहे.

मुंबईकरांना हे चित्र परके वाटू नये. नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी १९२६ साली ‘नेबरहुड हाउस’ सुरू केले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे मूळ याच कामात आहे. त्याच दाटीवाटीच्या नागपाड्यातून भारताच्या बास्केटबॉल संघाला पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू मिळाले. १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळवणारा अब्बास मुंतसिर हा तिथलाच. गल्ली, मोकळी चौरस जागा आणि बाहेर पाळीची वाट पाहणारी पोरे एवढ्यावर हा खेळ दोन्हीकडे वाढला.

१९५४ साली ऑस्कर दहावीत होता. त्या वर्षी ॲटक्सची गाठ पडली मायलनशी. मायलन म्हणजे हजारभर वस्तीचे गाव, हायस्कुलात १६१ मुले. मायलनने ॲटक्सला ६५–५२ असे हरवले आणि पुढे अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रलवर ३२–३० अशी मात करून राज्य जिंकले. त्या गावात स्वागताला हजारो माणसे लोटली. १९८६ साली त्या कथेवर ‘हूजियर्स’ हा चित्रपट निघाला, तो अमेरिकेच्या घरोघरी गेला. त्यातल्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी संघाच्या प्रशिक्षकाची छोटी भूमिका केली आहे रे क्रो यांनी. मायलनची गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. पण लगेच पुढच्या दोन वर्षांत त्याच स्पर्धेत जे घडले ते त्याहून मोठे होते.

१९५४–५५ च्या हंगामात ॲटक्स एकच सामना हरले, कॉनर्सव्हिलला ५८–५७ असा. त्यानंतर नाही. विली मेरीवेदर, शेड्रिक मिचेल, बिल हॅम्प्टन, बिल स्कॉट आणि ४३ क्रमांकाचा गणवेश घातलेला ऑस्कर असा हा हिरव्या-सोनेरी रंगातला संघ. सामना हातात आला अशी खात्री पटली की ॲटक्सच्या मुली ‘क्रेझी साँग’ म्हणायला लागत आणि समोरच्या संघाला आता काय ते कळून चुके. मन्सी सेंट्रलविरुद्ध मात्र ते गाणे शेवटपर्यंत म्हणता आले नाही. ७१–७० अशी एका गुणाची आघाडी, काही सेकंद उरलेले आणि चेंडू मन्सीच्या हातात. त्यांचा पास ऑस्करने मधल्यामध्ये पकडला आणि सामना संपला.

१९ मार्च १९५५. बटलर फील्डहाउस भरलेले. अंतिम सामन्यात समोर गॅरीची रूझवेल्ट हायस्कूल, तीही कृष्णवर्णीयांचीच शाळा. तेरा वर्षांपूर्वीपर्यंत या दोन्ही शाळांना स्पर्धेच्या दारात उभे करत नव्हते. आता कोणीही जिंकले तरी राज्याचा करंडक त्यांच्यापैकीच एकाकडे जाणार होता. ॲटक्स ९७–७४ असे जिंकले, ऑस्करचे ३० गुण. सर्वांना खुल्या असलेल्या राज्यस्पर्धेत कृष्णवर्णीयांच्या शाळेने विजेतेपद मिळवण्याची अमेरिकेतली ही पहिली वेळ. आणखी एक गोष्ट विसरली जाते. इंडियानापोलिस शहराच्या कोणत्याही शाळेने राज्यपद जिंकण्याचीही ती पहिलीच वेळ होती. चव्वेचाळीस वर्षे राजधानीला जे जमले नव्हते ते राजधानीने बाजूला टाकलेल्या शाळेने करून दाखवले.

विजेत्यांची मिरवणूक शहराच्या मध्यावर, मॉन्युमेंट सर्कलला यायची अशी प्रथा. सैनिकांच्या आणि नाविकांच्या स्मरणार्थ १९०२ साली तिथे उभारलेला स्तंभ २८४ फूट उंच आहे. त्याच्या पायथ्याशी जी शिल्पे आहेत त्यांत गुलामीतून सुटलेला एक माणूस आहे. तुटलेली साखळी त्याने हातात वर धरली आहे.

त्या रात्री आगीच्या बंबावर चढून ॲटक्सची मुले तिथे आली. गाडीने स्तंभाला एक फेरा घातला. थांबली नाही. इतर विजेते ज्या चौकात उतरत, लोकांत मिसळत, तिथून बंब वळवून थेट कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या नॉर्थवेस्टर्न पार्ककडे नेण्यात आला. काळ्या लोकांचा जमाव शहराच्या मध्यावर राहिला तर दंगा होईल, दुकाने फुटतील, असे अधिकाऱ्यांच्या मनाने घेतले होते. पार्कात मोठा जाळ पेटवला गेला, लोक नाचले, गायले. ऑस्कर तिथे फार वेळ रमला नाही. निघून वडिलांच्या घरी गेला. आपण या शहराला नको आहोत, हे सोळा वर्षांच्या त्या मुलाला त्या रात्री कळले. पुढे २००३ साली आलेल्या आत्मचरित्रातही त्याने हा सल लपवला नाही.

नवरदेवाची वरात गावातून जाऊ द्यायची की बाहेरच्या वाटेने वळवायची, यावरून आपल्याकडे आजही डोकी फुटतात. रस्ता कोणाचा, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. म्हणून ॲटक्सच्या त्या एका फेऱ्याचे दुःख मराठी माणसाला कोणी उलगडून सांगायला नको. करंडक दिला, वर्तमानपत्रांत फोटो छापले, हस्तांदोलन केले, आणि चौक मात्र दिला नाही.

पुढच्या हंगामाचा हिशेब एका ओळीत मावतो: ३१ सामने, ३१ विजय. इंडियानाच्या स्पर्धेच्या इतिहासात एकही सामना न हरता विजेता ठरलेला तो पहिला संघ. मागचे धरून सलग ४५ विजय. अंतिम सामन्यात लाफायेटच्या जेफरसन हायस्कूलला त्यांनी ७९–५७ असे हरवले आणि त्यांतले ३९ गुण एकट्या ऑस्करचे. योगायोग असा की ज्याचे नाव शाळेने नाकारले होते त्याच नावाच्या शाळेवर हा विजय मिळाला. १९५६ चा ‘मिस्टर बास्केटबॉल’ ऑस्करच ठरला. तो नसता ठरला तर किताबालाच अर्थ उरला नसता.

त्याचे पुढचे आयुष्य बास्केटबॉलचा इतिहास वाचणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. सिनसिनाटी विद्यापीठात तीन वर्षे तो देशातला सर्वाधिक गुण करणारा खेळाडू होता. १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. एनबीए या व्यावसायिक लीगच्या १९६१–६२ च्या हंगामात त्याची सरासरी होती ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट. तिन्ही आकडे दोन अंकी ठेवून संपूर्ण हंगाम काढणे पुढची पंचावन्न वर्षे कोणालाच जमले नाही. १९७१ साली मिलवॉकीबरोबर विजेतेपद. खेळाडूंच्या संघटनेचा तो १९६५ पासून अध्यक्ष होता. १९७० साली त्याच्या नावाने लीगविरुद्ध खटला दाखल झाला, १९७६ साली तडजोड झाली आणि खेळाडूला आपला संघ निवडण्याची वाट मोकळी झाली. आज एनबीएमध्ये जे कोट्यवधींचे करार होतात त्यांच्या पायाशी हा खटला आहे. सिनसिनाटीने आपल्या आवारात त्याचा पुतळा उभारला. महाविद्यालयीन बास्केटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा एक प्रतिष्ठेचा करंडक त्याच्या नावाने दिला जातो.

शाळेकडे परत येऊ. १९५७ साली ॲटक्स पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचले आणि साउथ बेंड सेंट्रलकडून हरले. त्यानंतर क्रो यांनी प्रशिक्षकपद सोडले. सात हंगामांत १७९ विजय, २० पराभव. पुढे ते शाळेचे क्रीडा संचालक झाले, राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले, शहराच्या कौन्सिलवर बसले. त्यांच्या मागून आलेले बिल गॅरेट हे स्वतः १९४७ चे ‘मिस्टर बास्केटबॉल’ आणि इंडियाना विद्यापीठाच्या संघात घेतलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. त्यांच्या हाताखाली १९५९ साली ॲटक्सने कोकोमोला ९२–५४ असे चिरडून तिसरे राज्यपद घेतले.

त्यानंतर करंडकांचे कपाट बराच काळ उघडावे लागले नाही. कारण गुंतागुंतीचे आहे आणि ते सांगायलाच हवे. ॲटक्सच्या विजयांनी शहरातल्या इतर शाळांचे डोळे उघडले. काळा मुलगा आपल्या संघात असला तर आपणही जिंकू, हे गोऱ्यांच्या शाळांना कळले. शाळांतला भेदभाव बंद करणारा कायदा इंडियानाने १९४९ सालीच केला होता, पण बोर्डाने शाळांच्या हद्दी अशा आखल्या की ॲटक्स पुढची वीस वर्षे काळ्यांचीच राहिली. कायद्याने जे होईना ते काही अंशी बास्केटबॉलने केले. मात्र त्यात ॲटक्सचे खेळाडूही गेले आणि चांगले विद्यार्थीही. १९६८ साली केंद्र सरकारने बोर्डावर खटला भरला. १९७१ साली न्यायाधीश ह्यू डिलिन यांनी बोर्डाने जाणूनबुजून वर्णभेद राखल्याचा निकाल दिला. त्या वर्षी गोरी मुले ॲटक्समध्ये शिकायला आली.

१९८६ साली बोर्डाने ॲटक्सचे हायस्कूल बंद केले आणि तिथे कनिष्ठ विभाग ठेवला. माजी विद्यार्थ्यांच्या जिव्हारी लागलेला हा निर्णय. ज्या इमारतीत त्यांना कोंडले होते ती त्यांनी आपल्या कष्टाने मानाची केली होती. आता ती त्यांच्या हातून जात होती. ते गप्प बसले नाहीत. १९८९ साली इमारतीची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत झाली. १९९८ साली शाळेतच संग्रहालय उघडले. जुने करंडक, गणवेश, छायाचित्रे, वार्षिक अंक असे जे घराघरांत जपलेले होते ते परत शाळेत आले. २००६ साली ॲटक्स पुन्हा हायस्कूल झाले, आता वैद्यकीय क्षेत्राकडे जाणाऱ्या मुलांसाठीचे.

क्रो २००३ च्या डिसेंबरात, वयाच्या ८८ व्या वर्षी गेले. त्यामुळे २०१५ चा मे महिना त्यांनी पाहिला नाही. दरवर्षी इंडियानापोलिस ५०० या मोटारशर्यतीच्या आदल्या दिवशी शहराच्या मध्यातून मोठी मिरवणूक निघते. त्या वर्षी मिरवणुकीच्या अग्रभागी राहण्याचा मान १९५५ च्या ॲटक्स संघाला दिला गेला. हयात असलेले खेळाडू ऐंशीकडे झुकलेले. दोन्ही बाजूंना शहर उभे होते, काळे आणि गोरे, आणि या वेळी गाडी कोणी वळवली नाही. साठ वर्षे लागली. उशिरा दिलेला मान मान नव्हे असे म्हणणारे म्हणोत. त्या म्हाताऱ्या खेळाडूंनी तो हात हलवत, हसत स्वीकारला आणि त्यांच्यापुढे आपण कोण बोलणारे?

दोनच वर्षांनी, २५ मार्च २०१७ रोजी, ॲटक्सने ट्विन लेक्सला ७३–७१ असे हरवून राज्यातल्या ३-ए गटाचे विजेतेपद घेतले. १९५९ नंतरचे हे पहिले. सर्व शाळांची एकच स्पर्धा तोवर बंद होऊन गट पडले होते, पण दोन गुणांनी जिंकलेल्या सामन्याचा आनंद गटाप्रमाणे कमी-जास्त होत नाही. मुले ओळीने उभी राहिली. त्यांच्या गळ्यात पदके घालायला आलेला उंच, पांढऱ्या केसांचा माणूस होता ऑस्कर रॉबर्टसन.

१२ सप्टेंबर २०२७ रोजी शाळेला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. इंडियानात राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक दिवस यासाठी काढावा. आधी मॉन्युमेंट सर्कलला जावे, स्तंभाच्या पायथ्याशी साखळी वर धरून बसलेला तो माणूस मुलांना दाखवावा, आणि तिथून पुढे मार्टिन ल्यूथर किंग रस्त्यावरच्या शाळेत जावे. अंतर दोन मैलांच्या आतच आहे. संग्रहालय शाळेच्या इमारतीतच आहे, आणि १९५५ चा तो संघ तिथल्या छायाचित्रांत आजही हिरव्या-सोनेरी गणवेशात उभा आहे.